चाकण-पिंपरीत बाळंतपण: दवाखाना जवळ असूनही काही जणींना तो लांब का पडतो?

अमेरिकेतला एक आकडा इन्स्टाग्रामवर अधूनमधून फिरत असतो. २०२२ मध्ये तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे १९ श्वेतवर्णीय आया बाळंतपणाशी निगडित कारणांनी दगावल्या. कृष्णवर्णीय आयांसाठी हाच आकडा होता ४९.५, म्हणजे अडीचपटीहून जास्त.

त्याच्यासोबत बहुतेक वेळा सेरेना विल्यम्सचा किस्सा येतो. २०१७ मध्ये तिचं सिझर झालं, दुसऱ्या दिवशी दम लागायला लागला. रक्ताच्या गुठळ्यांचा जुना त्रास होता, म्हणून तिने स्वतःच सांगितलं की सीटी स्कॅन करा. नर्सला वाटलं, औषधांमुळे बाई काहीतरी बोलतेय. शेवटी स्कॅन झाला आणि फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. जगातली सर्वात प्रसिद्ध टेनिसपटू, हातात हवा तेवढा पैसा, तरी तिला आपलं म्हणणं दोनदा सांगावं लागलं.

खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहितंच, 'बरंय, आपल्याकडे गोरा-काळा हा प्रकार नाही.'

केसपेपरवर तसा रकाना नसतो हे खरं. पण जात असते. बोलायची भाषा असते. आधारकार्डावरचा पत्ता असतो. आणि पगार कंपनीच्या नावाने येतो की ठेकेदाराच्या, हेही असतं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात या चार गोष्टींवरून बाळंतपण किती सोपं किंवा किती अवघड जाणार, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. कसा, ते बघूया.

महाराष्ट्राचा आकडा तर चांगला आहे ना?

हो, चांगला आहे.

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत, त्याच्याशी संबंधित कारणाने बाई दगावली तर त्याला मातामृत्यू म्हणतात. दर एक लाख जिवंत जन्मांमागे असे किती मृत्यू झाले, हा झाला माता मृत्यू दर. सरकारच्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार २०१८-२० या काळात देशाचा दर ९७ होता. महाराष्ट्राचा ३३. केरळचा १९, उत्तर प्रदेशचा १६७, आसामचा १९५. महाराष्ट्र २०१४-१६ मध्ये ६१ वर होता, तिथून इथे आलाय. कोविडच्या काळात तो थोडा वर सरकला आणि २०२०-२२ मध्ये ३६ झाला.

दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. बिहारमध्ये ७६.२ टक्के.

पण हा सगळा राज्याचा सरासरी हिशोब. माता मृत्यू दर जिल्ह्याचा वेगळा जाहीर होत नाही, तालुक्याचा तर सोडाच. जातीनुसार नाही, स्थलांतरित आणि स्थानिक असाही नाही. वाकडच्या टॉवरमधली बाई आणि खराबवाडीच्या दहा बाय दहाच्या खोलीतली बाई, दोघी एकाच सरासरीत मोजल्या जातात.

लहान मुलांच्या बाबतीत जातीनुसार आकडे मिळतात, आणि ते बोलके आहेत. याच सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशात पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं दर हजार जन्मांमागे अनुसूचित जमातींमध्ये सुमारे ५७ होती, अनुसूचित जातींमध्ये सुमारे ५६, आणि दलित, आदिवासी, ओबीसी यांपैकी कुणीच नसलेल्या घरांमध्ये सुमारे ३९. फॉर्मवर गोरा-काळा नसला तरी दरी आहे, ती अशी.

या पट्ट्यात राहतं कोण?

पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये साधारण १० लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती १७ लाख २७ हजारांवर गेली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. आज इथे किती माणसं राहतात हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि आरोग्याची व्यवस्था तर माणसं मोजूनच उभी करायची असते. शहरात साधारण ५० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, गावात ३० हजारांमागे एक, आणि गावात साधारण हजार लोकांमागे एक आशाताई असा नियम आहे.

आता चाकणकडे बघा. चाकण स्वतः २०१५ पर्यंत ग्रामपंचायत होती, मग नगरपरिषद झाली. आजूबाजूची महाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी ही कागदावर गावं. प्रत्यक्षात बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो कारखान्यांचा कामगार इथल्या खोल्यांमध्ये राहतो. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेला, तसाच बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, बंगालमधून आलेला. गावाच्या मतदारयादीत त्यातले बहुतेक नसतात. खोलीमालक स्थानिक, भाडेकरू बाहेरचा. आशाताईच्या वहीत आधी कायमची घरं येतात. दर सहा महिन्यांनी बदलणारी खोली तिच्या वहीत यायला वेळ लागतो, आणि यात दोष तिचा नाही. तिला पैसे कामानुसार मिळतात आणि खोल्या मोजायला दुसरं कुणी मदतीला नसतं.

आई नेमकी कशाने दगावते?

कारणं फार गूढ नाहीत. बाळंतपणानंतर खूप रक्त जाणं. रक्तदाब वाढून झटके येणं. जंतुसंसर्ग. धोकादायक पद्धतीने केलेला गर्भपात. आणि या सगळ्यांना आतून मदत करणारा रक्तक्षय. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ४५.७ टक्के गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली निघालं. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. बाळांच्या बाबतीत दिवस भरायच्या आत जन्म, जन्मताना गुदमरणं आणि संसर्ग ही मुख्य कारणं.

यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीवर इलाज आहे आणि तो महागही नाही. लोहाच्या गोळ्या, रक्तदाब मोजायचं यंत्र, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट, रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिन. मग तरी बायका का जातात? थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बायकांनी १९९४ मध्ये याचं एक सोपं उत्तर मांडलं, ते आजही जगभर वापरलं जातं: तीन उशीर. दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर. पोचायला उशीर. आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर.

चाकण पट्ट्यात हे तिन्ही सापडतात.

पहिला उशीर. नवरा सेकंड शिफ्टला, फोन गेटवर जमा. खोलीत सासू नाही, आई नाही, शेजारीण दोन महिन्यांपूर्वी आलेली. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पाय सुजलेत, ही रक्तदाबाची धोक्याची लक्षणं आहेत हे सांगणारं कुणी नाही. गावाकडे घरात चार बायका असतात, त्यांचे सल्ले कधी चुकीचेही असतात, पण निदान कुणीतरी बघत तरी असतं.

यात आणखी एक गोष्ट आहे जिच्यावर फारसं बोललं जात नाही. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं आहे. अशी मुलगी गरोदर राहून दवाखान्यात गेली तर पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. कायदा तिच्या संरक्षणासाठी आहे. पण नवऱ्याला अटक होईल या भीतीने घरचे तिला दवाखान्यात आणतच नाहीत, किंवा वय वाढवून सांगतात. ज्या वयात बाळंतपणाचा धोका जास्त, त्याच वयात तपासणी कमी.

दुसरा उशीर रस्त्याचा. चाकण ते पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे आपलं वायसीएम, हे अंतर साधारण २० किलोमीटर. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण रस्ता ज्याने शिफ्ट सुटताना पाहिलाय त्याला पुढे काही सांगायला नको. तळेगाव चौकात कंटेनरच्या रांगेत अडकलेली ॲम्ब्युलन्स सायरन वाजवून करणार काय? बाळंतपणानंतर जोरात रक्तस्राव सुरू झाला तर बाई दोन तासांच्या आतही जाऊ शकते.

तिसरा उशीर दवाखान्याच्या दारापासून पुढचा. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचं असतं. साधं बाळंतपण तिथे होतं. पण सिझर करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त, तिन्ही एकाच वेळी हजर लागतात. तीनपैकी एक नसलं की चिठ्ठी मिळते: पुढे घेऊन जा. त्यामुळे वायसीएममध्ये शहराच्या बायका येतात, तशाच खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरहूनही येतात. १९८९ पासून सुरू असलेलं, साधारण ७५० खाटांचं हे रुग्णालय महापालिकेच्या पैशांवर चालतं आणि निम्म्या जिल्ह्याचा भार उचलतं. दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ पेटीत ठेवायचं असेल तर गरिबासाठी पर्याय आणखी कमी होतात.

आणि वागणूक? जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये एक खास निवेदन काढून सांगितलं होतं की बाळंतपणाच्या खोलीत बायकांना शिव्या देणं, मारणं, अडवून ठेवणं, दुर्लक्ष करणं हे जगभर होतं आणि ते बंद झालं पाहिजे. आपल्याकडेही कळा देणाऱ्या बाईला काय काय ऐकवलं जातं हे घरातल्या मोठ्या बायकांना विचारा. त्यात बाईला मराठी येत नसेल तर? 'पोटात दुखतंय' आणि 'पोटात काहीतरी फाटल्यासारखं झालं' यातला फरक ती ओडियात सांगणार, समोरच्या सिस्टरच्या हाताखाली एकाच वेळी पाच-सहा बायका. सेरेनाला निदान इंग्रजी येत होतं.

केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलंय की सरकारी रुग्णालयात बाळंतपणाच्या वेळी एक ओळखीची बाई सोबत ठेवता येते. मात्र खोलीत एकट्या राहणाऱ्या जोडप्याने ही बाई आणायची कुठून, हा प्रश्न परिपत्रकात नाही.

कागदाचं बाळंतपण

आता सगळ्यात किचकट भाग, पण इथेच खरी मेख आहे.

सरकारी योजना चार-पाच आहेत आणि प्रत्येकीची दारं वेगळी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरून आणणं-सोडणं, सगळं मोफत. आजारी बाळाचे उपचारही वर्षभर मोफत. याला दारिद्र्यरेषेची अट नाही, जातीची नाही, राज्याच्या रहिवासाची नाही. बिहारहून काल आलेल्या बाईलाही तो लागू आहे. या पट्ट्यातल्या किती जणींना हे ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे.

बाकीच्या योजनांत मात्र 'तू कुठली?' हे विचारलं जातं.

जननी सुरक्षा योजनेत (२००५) महाराष्ट्र 'चांगली कामगिरी' असलेल्या राज्यांत मोडतो. त्यामुळे इथे गावात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात, तेही फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना. राज्याची सरासरी चांगली, म्हणून इथल्या इतर गरीब बाईला पैसे नाहीत.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार मिळतात: ३ हजार नोंदणी आणि तपासणीनंतर, २ हजार बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर. दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. गंमत बघा, २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा सांगतो की सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्याखाली लाभ मिळणाऱ्या सोडून *प्रत्येक* गरोदर बाईला किमान ६ हजार मिळाले पाहिजेत. ५ हजार आणि जननी सुरक्षाचे पैसे मिळून सरासरी ६ होतात, असा सरकारचा हिशोब. पण महाराष्ट्रात जननी सुरक्षाचं दार बऱ्याच जणींना बंद, मग उरलेले हजार कुठून येणार?

त्यात हप्ते दोन आणि पत्ते तीन. समजा, बीड जिल्ह्यातली एक मुलगी लग्न होऊन कुरुळीत राहायला आली. आधार माहेरच्या पत्त्याचं, त्यावर आडनावही माहेरचं. बँक खातं आधारला जोडलेलं नाही. नाव घातलं इथल्या उपकेंद्रात, सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी गेली, बाळ तिथल्या दवाखान्यात झालं, तिसऱ्या महिन्यात परत आली. पहिला हप्ता एका जिल्ह्यात, जन्मनोंद दुसऱ्या जिल्ह्यात, लस तिसऱ्या ठिकाणी. ऑनलाइन नोंदणी सगळीकडे एकच असायला हवी, आहेही. पण एका आकड्याची चूक दुरुस्त करायला कुठल्या कार्यालयात जायचं, यावर दोन महिने जातात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची आपली पद्धत आणि 'एक बाई, एक पत्ता' हे सरकारी गृहीतक यांचा मेळच बसत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेलाही महाराष्ट्राचं राशनकार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र लागतं. साधं बाळंतपण त्यात नाहीच, पण बाळ अतिदक्षता विभागात गेलं की खासगीत खर्च लाखांत जातो, तेव्हा ही योजना आठवते. तिथेही परराज्यातलं कुटुंब अडकतं.

अजून एक फरक. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. महापालिकांच्या रुग्णालयांना तो निर्णय आपोआप लागू नव्हता. म्हणजे चाकणचं ग्रामीण रुग्णालय आणि पिंपरीचं वायसीएम, दोन्ही सरकारी दवाखानेच म्हणायचे, पण मालक वेगळे आणि दरपत्रकही वेगळं.

बाळंतपण नऊ महिन्यांचं, कंत्राट सात महिन्यांचं

कायदा इथे बाईच्या बाजूने आहे, निदान कागदावर. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की हक्क लागू. गरोदर आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्येही याच तरतुदी घेतल्यात. कंत्राटी कामगार बाईलाही हा हक्क आहे.

पगार २१ हजारांपर्यंत असेल तर बाई ईएसआयमध्ये येते. तिच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. २६ आठवड्यांचा पगार ईएसआय देतं आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. अट एवढीच की आधीच्या दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी.

मग अडतं कुठे? कंत्राटात. या पट्ट्यात सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' देणं हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे. ठेकेदार बदलतो, गेटपास बदलतो, काम तेच राहतं. पोट दिसायला लागलं की बाईला काढलं असं कुणी लिहून देत नाही. पुढच्या ब्रेकनंतर तिचा गेटपास होत नाही, इतकंच. शोधून बघा, कायदा मोडल्याचा पुरावा सापडणार नाही. त्यामुळे कितीतरी बायका दिवस गेल्याचं शक्य तितकं लपवतात. आठ तास उभ्याने काम करतात, मळमळ दाबतात, बाथरूमला जायला लागू नये म्हणून पाणी कमी पितात. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला तर दिवस भरायच्या आत कळा येण्याचा धोका वाढतो, म्हणजे हा प्रश्न थेट बाळाच्या वजनापर्यंत जातो. महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टर गरोदर बायकांना मोफत तपासतात. ९ तारीख कामाच्या दिवशी आली तर हजेरी कापून जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ॲप्रेंटिस म्हणून घेतलेल्या मुलींना ईएसआय नाही. वाकड, रावेत, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या ताईंना यातलं काहीच नाही. त्यांची बाळंतपणाची रजा म्हणजे काम सुटणं. सोसायटीतल्या मॅडमला २६ आठवडे मिळतात तेव्हा त्यांचं बाळ सांभाळायला येणारी बाई कधीकधी स्वतःच्या तीन महिन्यांच्या बाळाला मोठ्या मुलीकडे ठेवून आलेली असते.

बांधकामावरच्या बायकांसाठी राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाची योजना आहे: साध्या बाळंतपणाला १५ हजार, सिझरला २० हजार, दोन मुलांपर्यंत. पण मंडळात नोंदणी हवी आणि त्यासाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला. मजूर अड्ड्यावरून रोज वेगळ्या साइटवर जाणाऱ्या बाईला तो कोण देणार?

खेडच्या पश्चिमेला

चाकणपासून पश्चिमेला भीमाशंकरच्या दिशेने गेलं की खेड तालुक्यातच महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या लागतात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. घोडेगावच्या आदिवासी प्रकल्पाच्या हद्दीत गरोदर बाईला अमृत आहार योजनेतून रोज एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. तीच बाई वीटभट्टीवर किंवा चाकणला मजुरीला आली की ताट मागे राहतं, कारण ताट गावाला मंजूर आहे, बाईला नाही.

अशा ठिकाणी काय चालतं हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: बाळ ऊबदार ठेवणं, वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आज देशभरात आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, ती पद्धत यातूनच निघाली. या कामाला मोठं यंत्र लागलं नाही. घर माहीत असलेली बाई लागली. चाकणच्या खोल्यांना कमी पडते ती नेमकी हीच.

पैसे असले की सुटलं का?

तेवढंही नाही. खासगीत उलटा प्रश्न आहे. २०१९-२१ मध्ये देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४.३ टक्के. एकीला गरज असून सिझर वेळेवर मिळत नाही, दुसरीचं गरज नसताना होतं आणि त्याचं कर्ज घरावर बसतं.

मार्च २०२५ च्या शेवटी पुण्यात जे घडलं ते तुमच्या टाइमलाइनवर आलंच असेल. जुळी असलेल्या गरोदर बाईला दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात नेलं, तिथे १० लाखांची अनामत मागितली, असा आरोप कुटुंबाने केला. पुढे वाकडच्या एका रुग्णालयात बाळंतपण झालं, जुळी वाचली, आई गेली. चौकशी समित्या बसल्या, राज्यभर संताप झाला आणि आपत्कालीन रुग्णांकडून अनामत घेणार नाही असं त्या रुग्णालयाने जाहीर केलं. हे कुटुंब एका आमदाराच्या कार्यालयाशी जोडलेलं होतं, म्हणून बातमी झाली. ज्यांच्यासाठी फोन करणारं कुणी नसतं, त्यांच्या बाबतीत चिठ्ठी आणि ॲम्ब्युलन्स यापलीकडे काही नोंद राहत नाही.

धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, हे मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार २००६ पासून बंधनकारक आहे. मागावं मात्र लागतं.

तुमच्या ओळखीत कुणी गरोदर असेल तर

घरकामाच्या ताई, शेजारच्या खोलीतली वहिनी, लाइनवरची सहकारी, कुणीही. तिचं नाव कुठल्या तरी सरकारी दवाखान्यात घातलंय का ते विचारा, आणि माता-बाल संरक्षण कार्ड माहेरी जाताना सोबत न्यायला सांगा. पुढच्या दवाखान्याला तिचं हिमोग्लोबिन आणि रक्तदाब त्यावरूनच कळतो. ईएसआय कापलं जात असेल तर तिचा विमा क्रमांक तिच्याकडे हवा. ठेकेदार बदलला तरी तोच क्रमांक चालतो. असंघटित कामगार असेल तर ई-श्रम कार्ड काढलेलं असू द्या, मातृवंदना योजनेत ते पात्रतेचा पुरावा म्हणून चालतं.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, झटके, अंगावरून रक्त जाणं, वेळेआधी पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. बाळंतपणासाठी नेण्या-आणण्याची सरकारी गाडी १०२ वर, आणि आरोग्याच्या माहितीसाठी १०४.

बाळ घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येणं अपेक्षित आहे. खोली नवीन असेल तर तिला पत्ता माहीत नसणार. जवळच्या अंगणवाडीत जाऊन खोली नंबर आणि घरमालकाचं नाव सांगून ठेवलं तर बाळ तिच्या यादीत येतं.